चार्ट पूर्ण वाचतात, पण पायरी चुकते : काचबिंदूवाल्यांच्या घरी काय काय बदललंत?

उद्यमनगरी :
नमस्कार मंडळी. आबांना (माझे वडील, वय ७१, सगळी हयात लेथवर गेली) काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. ड्रॉप चालू आहेत, डोळ्यांचं प्रेशर आटोक्यात आहे असं डॉक्टर म्हणतात. चष्मा लावून भिंतीवरचा चार्ट जवळजवळ शेवटपर्यंत वाचतात. पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा सोडत नाहीत.

आणि तेच आबा कपाटाच्या उघड्या दाराला कपाळ आपटतात. जेवताना तांब्या लवंडतात. शेजारच्या काकांनी शेकहँडला हात पुढे केला तो यांना दिसलाच नाही, काका तेव्हापासून फुगून आहेत. आईचं म्हणणं, 'पेपरातलं बारीक दिसतं आणि एवढा मोठा तांब्या दिसत नाही? लक्ष कुठं असतं तुमचं!' यावरून रोज खटके. आबा उलट बोलत नाहीत, फक्त बाहेर पडणं कमी केलंय.

दोन प्रश्न. एक, ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी रोजच्या व्यवहारात काय बदललं? दोन, स्कूटर बंद करायला लावायची का? अजून उद्यमनगर ते लक्ष्मीपुरी चक्कर असते त्यांची. मला धडकी भरते, त्यांना अपमान वाटतो.

डॉक्टर बदलायचे नाहीत, ते चांगले आहेत. त्यामुळे नाव-पत्ते नकोत, अनुभव सांगा.

गूळभेंडी :
वाचतेय. सासूबाईंना आहे. आमच्याकडे तांब्याच्या जागी दुधाचं पातेलं.

पांढरा_रस्सा :
स्कूटर बंद. विषय संपला. पहिल्या प्रश्नावर जाणकार बोलतील.

शिवाजीपेठी :
विषय संपला म्हणे! पांढरेभाऊ, कोल्हापुरात ज्यांची नजर धडधाकट आहे ते तरी कुठं आजूबाजूला बघून गाडी घालतात ओ? पापाची तिकटीला पाच मिनिटं उभं राहून बघा. अर्ध्या गावाला काचबिंदू आहे असं वाटंल.

कोपऱ्यातला_माणूस :
मला स्वतःला आहे, म्हणून सविस्तर लिहितो. वय ५४, बँकेत आहे.

आधी ते काळ्या बोगद्याचं चित्र डोक्यातून काढा. मधोमध गोल उजेड आणि भोवती काळोख असं नेटवर सगळीकडे दाखवतात. मला काळं काहीच दिसत नाही. जिथली नजर गेली तिथं मेंदू शेजारचा रंग ओढून जागा भरून टाकतो. टेबल तपकिरी असेल तर मला तिथं तपकिरी टेबलच दिसतं, फक्त त्यावरचा तांब्या गायब असतो. म्हणजे आबांना 'तांब्या अंधुक दिसला' असं नाही. त्यांना मोकळं टेबल दिसलं आणि त्यांनी बेधडक हात टाकला. आईंना हे एवढंच समजावलंत तरी निम्मी भांडणं मिटतील. लक्ष देऊन काही उपयोग नसतो हो. नाही त्याच्यावर लक्ष कुठून देणार?

माझी खालच्या बाजूची नजर जास्त गेली आहे. म्हणून केएमटीच्या बसमधून उतरताना शेवटची पायरी आणि रस्ता यातलं अंतर कळत नाही. चढताना त्रास नाही, उतरताना आहे. पंचगंगा घाटावर तर सगळा एकाच रंगाचा काळा दगड, पायऱ्यांच्या कडा एकमेकींत मिसळून जातात. तिथं मी हात धरल्याशिवाय जात नाही, आणि आता त्याची लाजही वाटत नाही.

दुसरं, उजेडातून अंधारात जाणं. अंबाबाईच्या देवळात आवारातल्या उन्हातून आत शिरलं की बराच वेळ मला फक्त गर्दीचा आवाज असतो. मागचे लोक ढकलतात, 'ओ काका, चला की पुढं!' मी बाजूच्या खांबाला टेकून उभा राहतो, डोळे स्थिरावले की मग पुढं.

तिसरं वाचन. अक्षरं स्वच्छ दिसतात, पण ओळ संपली की खालच्या ओळीचं पहिलं अक्षर सापडत नाही. कधी एक ओळ गाळली जाते, कधी तीच परत वाचतो. ऑफिसात स्टेटमेंट तपासताना पट्टी ठेवतो. नवीन पोरांना वाटतं साहेब जुन्या वळणाचे आहेत.

चौथं म्हणजे फिकट रंग. स्टीलच्या ताटात स्टीलची वाटी, पांढऱ्या बशीत भात, हे सगळं एकमेकांत विरघळतं. आमच्याकडे मटणाचा बेत असला की तांबडा लगेच सापडतो, पांढरा शोधावा लागतो. (आयडीवाल्यांनी मनावर घेऊ नये.)

पांढरा_रस्सा :
मनावर घेतलं आहे. यापुढे मी गडद निळ्या वाटीत येईन.

उद्यमनगरी :
@कोपऱ्यातला_माणूस, काका, आईला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. 'मोकळं टेबल' ऐकून ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, 'असं सांगायचं की मग त्यांनी.' आबा म्हणाले, 'मलाच कुठं माहीत होतं.'

लेन्सवाली :
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासणारी. डॉक्टर नाही, पण फिल्ड टेस्ट (समोर बघत असताना वर-खाली, कडेला कुठवर दिसतं त्याची तपासणी) रोज घेते म्हणून थोडं सांगते.

काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू सुकते. बहुतेकांमध्ये कडेची नजर आधी जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते. भिंतीवरचा चार्ट तपासतो फक्त मधली. म्हणून ६/६ वाचणाऱ्या माणसाचंही निम्मं फिल्ड गेलेलं असू शकतं. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, दुखत-खुपत काही नाही, त्यामुळे माणसाला स्वतःलाच उशिरा कळतं. भारतात १ कोटीहून जास्त लोकांना हा आजार असल्याचा अंदाज आहे आणि दक्षिणेकडे झालेल्या पाहण्यांत १० पैकी ९ जणांना आपल्याला तो आहे हेच माहीत नव्हतं.

आता कामाचं. पुढच्या वेळी फिल्ड टेस्टचा कागद घरी आणा. राखाडी-काळा नकाशा असतो त्यावर. नजर वरची गेली की खालची, डावीकडची की उजवीकडची, हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि घर त्याप्रमाणे लावा. खालची गेली असेल तर उंबरे, पायपुसणी, लोळणाऱ्या वायरी, मांजर. वरची गेली असेल तर कपाटाची दारं, खिडकीची तावदानं, झाडाच्या फांद्या. आबांचं कपाळ आणि तांब्या दोन्ही सापडतंय म्हणजे वरचं-खालचं दोन्ही असावं, पण ते कागदच सांगेल.

एक गैरसमज. नजर कमी झाली की घरचे मोठं भिंग आणून देतात. फिल्ड अरुंद असेल तर भिंगाने घोटाळा वाढतो, कारण अक्षर मोठं झालं की शिल्लक जागेत दोन-तीनच अक्षरं मावतात. अशांना उजेड वाढवून आणि काळ्यावर पांढरी अक्षरं करून जास्त फायदा होतो. मोबाइलमध्ये ती सोय असतेच.

शिवाजीपेठी :
फिल्ड टेस्टचं नाव काढू नका ताई. माझी झाली मागं, संशय होता म्हणून. एक डोळा झाकून मशीनमध्ये डोकं घालायचं, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला लाइट चमकला की बटण दाबायचं. निम्मे लाइट दिसंनातच! घाम फुटला. शेवटी शेवटी नुसतं बटण दाबत सुटलो.

लेन्सवाली :
@शिवाजीपेठी, दिसत नसताना बटण दाबलेलं मशीनला कळतं बरं का, रिपोर्टवर तशी नोंद येते. आणि घाबरू नका, ती टेस्टच अशी बेतलेली आहे की चांगल्या नजरेच्या माणसालाही साधारण निम्मे ठिपके दिसू नयेत. तुम्हाला कमीत कमी किती उजेड दिसतो ते शोधायचं असतं.

शिवाजीपेठी :
हे आधी सांगत जावा की! मी घरी जाऊन मृत्युपत्राचा विचार करत बसलेलो.

निसर्गोपचार_प्रेमी :
एवढ्या केमिकलच्या ड्रॉपपेक्षा गाईचं तूप आणि मध डोळ्यांत घालून बघा. माझ्या मामांचा चष्मा गेला. शिवाय मोतीबिंदूसारखं काचबिंदूचंही ऑपरेशन करून मोकळं व्हावं, परत दिसायला लागतं.

कोपऱ्यातला_माणूस :
दोन्ही चूक आहे आणि दुसरं जास्त धोक्याचं. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदललं की दिसतं. काचबिंदूत नस जाते, ती बदलता येत नाही. माझं ऑपरेशन झालं आहे. डोळ्याच्या आतलं पाणी बाहेर जायला नवी वाट करून देतात म्हणजे प्रेशर उतरतं. उरलेली नजर टिकावी म्हणून ते असतं. गेलेली यावी या आशेवर करून घेतलंत तर डॉक्टरला शिव्या घालत बसाल.

लेन्सवाली :
आणि मध कृपा करून नको. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात तर अजिबातच नको, इन्फेक्शन झालं तर डोळा गमवाल. तसंच मेडिकलमधून 'डोळे खाजतात, काहीतरी द्या' म्हणून आणलेले स्टिरॉइडचे ड्रॉप महिनोन्महिने घालणंही बंद करा. त्यानेच काचबिंदू झालेली तरुण पोरं मी पाहते.

निसर्गोपचार_प्रेमी :
मी फक्त मामांचा अनुभव सांगितला. राहिलं.

संपादक_मंडळ :
उपचारांवरचा वाद इथेच थांबवावा. धागा रोजच्या अडचणींबद्दल आहे.

मावशी_राजारामपुरी :
आमच्या ह्यांना होता. मी काय केलं ते सांगते, बाळा. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारून घेतला, रंगाऱ्याचं अर्ध्या दिवसाचं काम. दारं एकतर सताड उघडी नाहीतर बंद, अर्धवट ठेवायचं नाही, कारण दाराची कड समोरून दिसत नाही. मोरीत जायच्या वाटेवर रात्रभर छोटा दिवा. ह्यांच्या जेवणासाठी केशरी रंगाचं मेलामाईनचं ताट आणलं, त्यात भात, भाकरी, दही सगळं उठून दिसायचं. आणि तांब्या कायम ताटाच्या डावीकडे वरच्या अंगाला, तसूभर इकडे-तिकडे नाही. घरातल्या पोरांनाही तशी शिस्त लावली. वस्तूची जागा बदलली की तोंडाने सांगायचं. पाहुणे आले की मात्र सगळी शिस्त मोडायची. खुर्ची कुठंतरी ओढून बसायचे आणि जाताना तिथंच सोडायचे. पाहुण्यांचं काय करायचं ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

तुझ्या आईला सांग, चिडचिड तिचीही होते, ती काही वाईट नाही. घरात एक माणूस सांडतो आणि दुसरा पुसतो.

गूळभेंडी :
मावशी, पाहुण्यांचं अगदी अगदी. आणि आमच्याकडे पाहुण्यांसमोर सासूबाई 'मला सगळं दिसतं' असं ठणकावून सांगतात, मग चहाची बशी थेट मांडीवर. लोकांना सांगायचं की नाही यावरच घरात दोन तट आहेत. नवरा म्हणतो, कशाला गावभर करायचं?

कोपऱ्यातला_माणूस :
सांगावं, गूळभेंडीताई. मी लपवलं तोवर 'साहेबाला माज आलाय, रस्त्यात ओळख देत नाही' अशी ख्याती झाली होती. बाजूने येणारा माणूस मला दिसतच नाही, ओळख कुठून देणार? आता सरळ सांगतो, 'मला कडेचं दिसत नाही, हाक मारत जा.' लोक हाक मारतात. दोघंतिघं जरा जास्तच मोठ्यानं मारतात, त्यांना वाटतं कानही गेलेत.

उद्यमनगरी, त्या शेजारच्या काकांना पण सांगून टाका.

टर्नर_फिटर :
स्कूटरवर कुणीच नीट बोलंना. मी पण उद्यमनगरचाच. मशीनवर काम केलेल्या माणसाला तू 'तुला दिसत नाही' म्हणालास तर तो ऐकणार नाही, मापानं दाखव. अंगणात उभं करून समोर नाकाकडं बघायला सांग आणि बाजूनं हात हळूहळू पुढं आण, कधी दिसतो ते त्यांनाच बोलू दे. पण स्कूटर काढून घेतली तर माणूस खचतो, हेही बघ. माझ्या वडिलांची सायकल आम्ही बंद केली, आणि मग त्यांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जाणंच सोडलं. तिथं त्यांची सगळी दोस्तमंडळी. दूध काय घरीही मिळतं.

पांढरा_रस्सा :
मान्य, पण बाजूच्या बोळातून पळत आलेलं पोरगं दिसलं नाही तर? तिथं कट्टा आणि दोस्त काय करणार? माझ्या चुलत्यांच्या गाडीसमोर असंच झालं होतं. पोरगं वाचलं, चुलते त्या दिवसापासून गाडीला हात लावत नाहीत. म्हणून पहिल्यांदा तुटक बोललो.

टर्नर_फिटर :
तसं असंल तर तुमचंही बरोबर आहे भावा.

लेन्सवाली :
लायसन्सच्या वैद्यकीय दाखल्यात मुख्यतः २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा ओळखतात का, रात्रांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. आबा हे सगळं बहुधा पार करतील. म्हणून 'लायसन्स आहे ना माझ्याकडं' हा मुद्दा इथं कामाचा नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून घेतलेली फिल्ड टेस्टही असते, ती करता येईल का ते डॉक्टरांना विचारा आणि गाडीचा निर्णय त्यांच्याच तोंडून येऊ द्या. मुलाने सांगितलं की अपमान होतो, डॉक्टरांनी सांगितलं की पथ्य होतं. तोवर संध्याकाळनंतर तरी गाडी नकोच. समोरच्या हेडलाइटने काचबिंदूवाल्यांचे डोळे जास्त दिपतात आणि सावरायलाही वेळ लागतो.

निवृत्त_लेखनिक :
कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात चार्टइतकंच फिल्डही धरलं आहे. चांगल्या डोळ्याचं फिल्ड ४० अंशांपेक्षा कमी असेल तर अल्पदृष्टी, १० अंशांपेक्षा कमी असेल तर अंधत्व, मग चार्ट कितीही वाचता येवो. दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणी सरकारी दवाखान्यात, आपल्याकडे सीपीआरला चौकशी करावी. फिल्डचे जुने रिपोर्ट सगळे बरोबर न्या. ४०% किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ७५ हजारांची वजावट, ८०% किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. एसटीलाही सवलत आहे. आबांना वयामुळे अर्धं तिकीट आहेच म्हणा, आणि ७५ पूर्ण झाली की फुकट.

शिवाजीपेठी :
लेखनिक साहेब, तुमच्यासारखा माणूस खिडकीत बसला असता तर आम्ही एवढ्या चकरा मारल्या नसत्या.

निवृत्त_लेखनिक :
मी खिडकीत होतो तेव्हा तुम्ही लंच टाइमला येत असाल.

उद्यमनगरी :
बरेच दिवसांनी लिहितोय. फिल्डचा कागद आणला. उजव्या डोळ्याचं वरचं-खालचं दोन्ही गेलंय, डाव्याचं खालचं. मावशींचे पिवळे पट्टे मारून झाले, ते काम आबांनी स्वतः केलं, गुण्या लावून, रेषा इकडची तिकडं नाही. तांब्याची जागा ठरली. रस्त्यावर आई आता त्यांच्या उजव्या हाताला चालते.

स्कूटरचं पूर्ण मिटलेलं नाही. डॉक्टरांनी स्पष्ट 'नको' सांगितलं. आबांनी किल्ली माझ्याकडं दिली, पण रोज सकाळी गाडी पुसतात आणि किक मारून दोन मिनिटं चालू ठेवतात. म्हणतात, 'बॅटरी उतरंल.' मी काही बोलत नाही. लक्ष्मीपुरीला आता टर्नरभाऊंच्या ओळखीचा एक रिक्षावाला नेतो, ठरवून.

मावशी_राजारामपुरी :
पुसू दे रे गाडी. आणि तू स्वतःचे डोळे तपासलेस का? आई-वडील, भाऊ-बहीण यांच्यात असला की आपल्यालाही धोका असतो.

उद्यमनगरी :
मी तपासले, प्रेशर १६, नस ठीक आहे म्हणाले, वर्षातून एकदा यायला सांगितलंय. मोठ्या बहिणीला इचलकरंजीहून बोलावलंय, ती 'बघू दिवाळीनंतर' करतेय.

गूळभेंडी :
ड्रॉपबद्दल विचारायचं होतं. सासूबाईंना तीन बाटल्या आहेत, त्या तिन्ही एकापाठोपाठ घालून मोकळ्या होतात. आणि त्यातल्या रात्रीच्या ड्रॉपने पापण्या एवढ्या लांब झाल्यात की नात विचारते, आजी मस्कारा कुठला लावते.

लेन्सवाली :
पापण्यांचं खरं आहे, त्या औषधाचा तो माहीत असलेला परिणाम आहे. दोन ड्रॉपमध्ये किमान ५ मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. एका वेळी एकच थेंब. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं दाबून ठेवायचा, म्हणजे औषध घशात आणि रक्तात कमी उतरतं. त्यांना दमा असेल तर डॉक्टरांना सांगितलंय ना बघा, टिमोलॉल असलेले ड्रॉप दम्याला चालत नाहीत. उघडलेली बाटली साधारण महिनाभराने टाकून द्यायची, थोडं शिल्लक असलं तरी. झाकणावर तारीख लिहून ठेवा.

गूळभेंडी :
दमा नाही. पण शिल्लक औषध टाकायचं हे सासूबाईंना सांगायची हिंमत कोण करणार?

तालमीतला :
नवीन सभासद. वस्ताद आहेत आमचे, ६० च्या पुढचे, त्यांना आत्ताच काचबिंदू निघालाय. रोज शीर्षासन करतात, चाळीस वर्षांची सवय. चालतं का?

लेन्सवाली :
नाही. शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर जवळजवळ दुप्पट होतं. सर्वांगासन, हलासन, डोकं छातीच्या खाली जाईल असं सगळंच टाळा. सूर्यनमस्कारातलं पर्वतासन त्यातच येतं, तिथं थांबून राहू नका. श्वास कोंडून जड वजन उचलणंही नको. चालणं उत्तम.

तालमीतला :
वस्तादांना चालायला सांगायचं? बरं. सांगतो. लांबून सांगतो.